सवाल कुणाचा, जवाब कुणाचा

‘तुमीच म्हनले ना आत्ता, इचारा म्हनून! मग म्या इचारलं.’

अंबड तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या पारासमोर पथनाट्य चालू होतं. कापसाच्या वेचणीचे दिवस. बाया थेट रानातून आलेल्या, डोक्याला बांधलेल्या फडक्यांवर कापसाची तुसं तशीच, पायांना काळी माती. पुरुष नेहमीप्रमाणे कडेकडेने, वाटलं तर बघू नाहीतर उठून जाऊ अशा बेताने उकिडवे बसलेले. कलापथक पाच जणांचं. एक हलगी, एक ढोलकी, एक तुणतुणं, आणि वाजवणारेच आळीपाळीने उठून पात्रं होणार. विषय होता ग्रामसभा. धोतरातला ‘गणपा’ डोकं खाजवत विचारायचा, ‘पण सायेब, ही ग्रामसभा म्हंजी काय वो?’ आणि सफारी घातलेला, खिशाला दोन पेनं लावलेला, काखेत निळी प्लास्टिकची फाइल मारलेला ‘ग्रामसेवक’ त्याला समजावून सांगायचा. वर्षातून निदान चार सभा. गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद. जमाखर्च मागा, लाभार्थ्यांची यादी मागा, लाजू नका, विचारा. ‘विचारणार ना?’ असं त्याने हात वर करून विचारलं, पोरांनी ‘होऽऽ’ केलं, हलगीवर थाप पडली आणि थापेच्या मागोमाग पाराला टेकून बसलेल्या एका म्हातारीचा आवाज आला, ‘घरकुलाच्या ड यादीत मपलं नाव काहून नाही?’

सफारीतला नट थबकला. त्याने गणपाकडे पाहिलं, गणपाने हलगीवाल्याकडे. पोरं फिदीफिदी हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, ‘ए आज्ये, नाटक हाय ते.’ त्यावर म्हातारीने वर लिहिलं ते उत्तर दिलं. ती काही भोळी नव्हती. सफारीतला माणूस नट आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खरा ग्रामसेवकही तिला ठाऊक होता. तो गर्दीच्या मागे स्टुलावर उभा राहून मोबाइलवर फोटो काढत होता आणि मधूनमधून ‘बॅनर दिसू द्या, बॅनर’ असं ओरडत होता. अहवालाला फोटो लागतात, जागा आणि वेळ छापून येणारे. तिने त्याला नाही विचारलं. आत्ता जो ‘विचारा’ म्हणाला त्याला विचारलं. नटाने दोन क्षण तसेच जाऊ दिले, मग मान दुसरीकडे वळवून पुढचं वाक्य घेतलं आणि नाटक जिथे थांबलं होतं तिथून पुढे निघालं. म्हातारीने तोंडात मिसरीचं बोट घातलं आणि बाकीच्यांबरोबर शेवटपर्यंत बघत बसली.

हे काही दिवस डोक्यातून गेलं नाही.

नंतर चहाच्या टपरीवर कलापथकाच्या म्होरक्याशी बोलणं झालं. हा माणूस कधीकाळी तमाशाच्या फडात सोंगाड्या होता. आता फड परवडत नाही म्हणून शासनाच्या योजनांचे कार्यक्रम घेतो. हजरजबाबी असा की चहावाल्यालाही दोन वाक्यांत लोळवील. ‘तुम्ही तिला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं,’ मी म्हणालो. ‘काय देनार सर? स्क्रिप्ट वरून येती. तिच्यात म्हातारी नव्हती.’ मग खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला. कार्यक्रम झाल्याचं प्रमाणपत्र, सरपंचाची सही, ग्रामपंचायतीचा गोल शिक्का. तो कागद आणि फोटो जोडले की बिल निघतं. कधी निघतं ते विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

लोकशाही आणि सुशासनासाठी रंगभूमीने काय करावं, यावर परिसंवादांत पुष्कळ बोललं जातं. मीही अशा परिसंवादांत बसलोय, नारळ-शालही घेतलीय. सगळ्यांचं बोलणं शेवटी ‘प्रबोधन’ या एका खुंटीला जाऊन अडकतं. लोक अडाणी आहेत, त्यांना हक्क माहीत नाहीत, नाटकाने ते सांगावेत. पारावरच्या त्या दुपारी मला यातली मेख दिसली. त्या पथनाट्यात सवाल गावाचा होता आणि जवाब साहेबाचा. अडाणी गावकरी विचारतो, शहाणा अधिकारी सांगतो. म्हणजे कचेरीत जे रोज घडतं तेच, फक्त हलगीच्या तालावर. आणि आपल्याकडची जी जुनी खेळाची परंपरा आहे, तिच्यात नेमकं याच्या उलट चालतं. तिथे अडाणी दिसणारा माणूस सवाल टाकतो आणि शहाण्याला त्याच्यापुढे जवाब द्यावा लागतो. नाही दिला तर त्याची फजिती, तीही भर मांडवात. कलगी-तुऱ्याच्या फडात रात्र रात्र दुसरं काय चालायचं? एकाने कोडं घातलं की दुसऱ्याने ते सोडवल्याशिवाय डफ खाली ठेवायचा नाही. ऐकणाऱ्यांना त्यातलं अध्यात्म किती कळायचं कोण जाणे. पण प्रश्नाला बगल दिली की ती कुणी दिली, हे मात्र शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळायचं.

लहानपणी आमच्या गावात सुगीनंतर बहुरूपी यायचा. रायरंद म्हणायचे त्याला. एक दिवस तो खाकी कपड्यांत आला. डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा, बगलेत वही, आणि पायात मात्र वेगवेगळ्या जोडांच्या चपला. आम्ही पोरं त्याच्यामागे. तो आधी गेला तो पाटलाच्या वाड्यावर, म्हारवाड्यात किंवा मांगवाड्यात नाही. ओसरीवर वही उघडून त्याने पाटलावर गुन्हा वाचला. ‘काल रात्री तुम्ही घोरलात, त्याने शेजारच्या बैलाची झोपमोड झाली, बैलाने जबानी दिली आहे, कलम चारशे वीस, चला तालुक्याला.’ पाटील मिशीतल्या मिशीत हसत होते, पण हसताना उठून उभे राहिले होते, हे मला चांगलं आठवतं. ज्यांच्यापुढे अख्खं गाव उभं राहायचं ते खोट्या शिपायापुढे उभे. गुन्हा पुष्कळ वाढवून, बैलाची साक्ष फिरवून, शेवटी दंड ठरला पायलीभर ज्वारी. तो दंड माझ्या आजीनेही भरला, आमच्यावर गुन्हा होता शेळीला शिव्या दिल्याचा. खरा पोलीस गावात आला की दारं लागायची. हा आला की उघडायची. खाकीतल्या माणसाला उलट प्रश्न विचारता येतो, ही गोष्ट मी पहिल्यांदा त्याच्यासमोर पाहिली. एका बाईने त्याला विचारलं होतं, ‘वारंट दाखव की, मेल्या.’ आणि त्याने खरोखर वही शोधायला सुरुवात केली.

त्याच्याही मागे जायचं तर आमच्याकडे वाट सरळ संत एकनाथांच्या पैठणला जाते. नाथषष्ठीला वाळवंटात भारुडं बघत मोठी झालेली माणसं आम्ही. ‘विंचू चावला’ सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, पण माझं आवडतं भारूड ‘अर्जदस्त’. नाथांनी चक्क सरकारी अर्जाचा नमुना उचलला आहे. सलाम, मायना, ‘परगणे शरीराबाद, किल्ले कायापुरी’, आणि अर्ज करणारे कोण, तर जिवाजी शेकदार आणि बुधाजी कारकून. तक्रार अशी की आम्ही कामावर रुजू झालो, पण परगण्यात दंभाजी शेटे, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, क्रोधाजी नाईकवाडी अशी मंडळी बसली आहेत आणि सरकारी काम चालू देत नाहीत. मग म्हातारपण येतं तेव्हा कान, डोळे, दात ही परगण्यातली गावं एकेक करून ओस पडायला लागतात, आणि वरून यमाजीपंतांची तलब येते. कीर्तनकार याचा अर्थ सांगताना थेट आत्म्यावर जातात. जावं, नाथांना तेच सांगायचं होतं. पण सोळाव्या शतकात वाळवंटात बसून जे ऐकत होते त्यांना देशमुख, महाजन आणि नाईकवाडी हे काही षड्रिपू म्हणून माहीत नव्हते. ते त्यांच्या दारात वसुलीला येणारे लोक होते. त्यांची नावं घेऊन, त्यांच्याच कचेरीच्या भाषेत, त्यांच्यावरच अर्ज! हसू आधी कुठल्या अर्थावर आलं असेल, हे सांगायला टीकाकार नको. नाथ स्वतः देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे हिशेबाला बसलेले. एका पैच्या चुकीसाठी रात्र जागल्याची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचलीय. दफ्तर आतून पाहिलेला माणूसच असं लिहू शकतो.

हा दफ्तराचा भाग मला महत्त्वाचा वाटतो, त्याच्याकडे पुन्हा येतो.

वगनाट्यात तर हे सगळं उघडच. राजा असतो, प्रधान असतो, कोतवाल असतो, आणि त्यांच्या कारभाराची लक्तरं काढायला सोंगाड्या असतो. महात्मा फुल्यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं तेव्हा त्यातही मधे मधे बोलायला विदूषक ठेवला. भाबड्या कुणबी जोडप्याला जोशी लुबाडतोय आणि विदूषक आपल्याकडे बघून ते सोलून दाखवतोय. अण्णा भाऊ साठ्यांनी लाल बावटा कलापथकासाठी वग लिहिले तेव्हा सुरुवातीच्या वंदनातली, म्हणजे गणातली, देवाची जागा बदलली, पण सोंगाड्याला हात लावला नाही. त्यांना कळत होतं की या खेळातला खरा विरोधी पक्षनेता तो आहे. पण इथे माझ्या मनात नेहमी एक खडा लागतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत एका फडात मी पाहिलं. सोंगाड्याने पुढाऱ्यांची इतकी यथेच्छ धुलाई केली की तंबू हसून हसून कलला. आणि पुढच्याच क्षणाला माइकवरून पुकारा झाला, ‘अमुक अमुक अण्णासाहेबांकडून पाचशे एक रुपये बक्षीस!’ अण्णासाहेब पहिल्या रांगेत, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पोट धरून हसत होते. सोंगाड्याने मुजरा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोघांसाठीही. तेव्हापासून कुणी म्हणालं की नाटकाने सत्ता हादरते, तर मला ते पाचशे एक आठवतात. आमच्याकडच्या सत्तेचं पोट मोठं आहे. टीका तिला पचते, वर ढेकरही देते.

तरी सत्तेला काहीच लागत नाही असंही नाही. लागत नसतं तर बंदोबस्त कशाला केला असता? निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी परवानगी, ‘गश्ती निशान 53’ नावाचं परिपत्रकच होतं तसं. म्हणून आमच्याकडे राजकारण आलं ते गणपतीच्या मेळ्यातून, कीर्तनातून, वाचनालयातून, पडद्याआडून. आजोबा सांगायचे, मेळ्यात पोरं कंसवधाची पदं म्हणायची. ऐकणाऱ्यांत पोलीस पाटीलही असायचा. कंस कोण ते त्यालाही कळायचं, पण कागदावर काय लिहिणार? 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा व्यासपीठावर चढून बोलायची सवय या अशाच मांडवांमधून लागलेली माणसं समोर होती, असं ते म्हणायचे. इंग्रजांच्या मुलखात तर सरळ कायदाच, 1876 चा नाट्यप्रयोगांवरचा. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त लॉर्ड कर्झन शोधायला सरकारला तीन वर्षं लागली, पण 1910 साली बंदी घातलीच. आपल्याकडे आजही प्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे, जाते. मात्र माझा अनुभव असा की मंडळाच्या कितीतरी आधी कात्री चालते. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आम्ही एक नाटक बसवत होतो, त्यात तहसीलदाराच्या तोंडी ‘पंचनामा आधी लिहा, पाऊस नंतर बघू’ असं वाक्य होतं. तालमीत प्रत्येक वेळी हशा यायचा. संहिता पाठवायच्या आदल्या रात्री दिग्दर्शकाने ते लाल पेनाने खोडलं. ‘कशाला?’ विचारलं तर म्हणाला, ‘हॉल कुणाकडून मिळतो, माहितीय ना?’ कुणी सांगितलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं.

अशा वेळी मला मराठवाड्यातल्या तीन नाटकांचा आधार वाटतो. पहिलं मी पाहिलेलं नाही, पाहणं शक्यच नव्हतं. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांनी 1955 च्या सुमारास ‘युगयात्रा’ लिहिलं आणि ते बाबासाहेबांसमोर झालं. खेड्यापाड्यांतून आलेली, वसतिगृहात राहणारी पोरं रंगमंचावर. युगायुगांचा हिशेब मांडताहेत आणि समोर बसलाय तो माणूस, ज्याने नुकतीच देशाची राज्यघटना लिहून दिली आहे. त्या पोरांच्या पोटात काय गोळा आला असेल! त्यांच्यातल्या कितीकांच्या बापांना गावच्या चावडीची पायरी चढता येत नव्हती. पाठ केलेलं वाक्य असलं तरी भर सभेत, उजेडात उभं राहून मोठ्याने बोलायचं. नागरिक होण्याचा यापेक्षा चांगला तास मिलिंदच्या वेळापत्रकात दुसरा नसावा.

दुसरं, नांदेडच्या दत्ता भगतांचं ‘वाटा पळवाटा’. एका प्राध्यापकाचं घर. बाबासाहेबांच्या काळातले काका, मधल्या पिढीचा सतीश आणि रस्त्यावर उतरायला उतावीळ झालेला अर्जुन. तिघेही एकाच माणसाला मानणारे आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. हे नाटक मी पाहिलं तेव्हा आमच्याकडे नामांतराच्या जखमा ओल्या होत्या. 1978 साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावंच्या गावं पेटली, आणि विद्यापीठाच्या कमानीवर नाव चढायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. त्या सोळा वर्षांत आमच्या भागात लोक एकतर घोषणा देत होते नाहीतर गप्प होते. आणि इथे, या नाटकात, माणसं वाद घालत होती! आवाज चढवत होती, चहा घेत होती, पुन्हा वाद घालत होती, कुणी कुणाला खलनायक ठरवत नव्हतं. मध्यंतरात माझ्या शेजारच्या दोन अनोळखी गृहस्थांचं अर्जुन बरोबर की काका यावरून चांगलंच जुंपलं. तिसरी घंटा झाली तरी थांबेनात. मागून कुणीतरी ‘अहो, पुढचं तर ऐका’ म्हणाल्यावर थांबले. त्या वर्षांत एवढं भांडण, आणि तेही हात न उचलता, मी दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं.

तिसरं सगळ्यांना माहीत आहे, ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. राजकुमार तांगडे यांचं लेखन, संभाजी भगत यांची कल्पना आणि शाहिरी, नंदू माधव यांचं दिग्दर्शन, आणि काम करणारी बरीच पोरं जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थसारख्या गावांतली, शेती करणारी. 2012 साली ते आलं आणि मुंबई-पुण्याच्या लोकांना शोध लागला की नाटक दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या बाहेरही असतं. त्यातला यम महाराजांच्या मागे आलेला, पण महाराजांचे विचार काही त्याच्या हाती लागत नाहीत आणि त्यापायी त्याची फरफट चाललेली. मला एकदम नाथांचे यमाजीपंत आठवले. चारशे वर्षांनी, पैठणपासून फार लांब नाही अशा गावात, पुन्हा यमच झडती घ्यायला येतो. आमच्या मुलखात वरिष्ठ तपासणी अधिकारी म्हणून अजून त्याच्याच नावाचा विश्वास आहे की काय! त्या नाटकाचा कळस म्हणजे दोन शाहिरांची जुगलबंदी. राजा कुणाचा, यावर पोवाड्यातून सवाल-जवाब. इतका नाजूक विषय, ज्याच्यावरून आमच्याकडे एका रात्रीत दुकानं बंद होतात, तो त्यांनी मांडवात आणून, डफाच्या ठेक्यावर, पुराव्यानिशी भांडायला ठेवला. कलगी-तुराच तो. हरलेल्याने डफ खाली ठेवायचा, दगड उचलायचा नाही.

तांगडे यांचंच ‘आकडा’ विजेच्या तारेवर आकडा टाकण्याबद्दल होतं. मला हे फार आवडतं की एक माणूस नाटक लिहायला बसतो आणि त्याला वीजचोरी सुचते. कारण दरवर्षी युवक महोत्सवात मी परीक्षक म्हणून बसतो आणि दरवर्षी माझ्यासमोर दोर टांगला जातो. शेतकरी, कर्ज, फास, बायकोचा हंबरडा, अंधार. मुलं मनापासून करतात, त्यांच्यातल्या काहींनी हे घरात पाहिलेलं असतं, आणि मी त्यांना गुण देतो. पण पुढाऱ्याचं पात्र आलं की काळा गॉगल, पांढरे कपडे, ‘हा हा हा’. संपलं. कारभार असा हसत नाही हो. कारभार पैसेवारीच्या, म्हणजे पीक किती आलं त्याच्या अंदाजाच्या, तक्त्यात बसलेला असतो. कित्येक वर्षं हिशेब असाच होता, पन्नास पैशांच्या खाली आली तर दुष्काळ, वर राहिली तर नाही. ती ठरवायला कुणाच्या शेतात पीक कापणी झाली, सोबत कोण होतं, सही कुणी केली, ओलिताचा तुकडा निवडला की कोरडवाहू? या एका दुपारीवर तीन अंकी नाटक होईल. एक तलाठी, एक कृषी सहायक, एक सरपंच, एक तराजू आणि उन्हात उभा असलेला एक माणूस. फास लागणार नाही, कुणी ओरडणार नाही, आणि शेवटी एक आकडा लिहिला जाईल. नाथांना दफ्तर माहीत होतं म्हणून अर्जदस्त लिहिता आलं. आमच्या पोरांना दुःख तोंडपाठ आहे, दफ्तर माहीत नाही. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे, दहा रुपयांच्या अर्जावर गावच्या कामाची अख्खी फाइल मागता येते. तिच्याइतकी चांगली संहिता कुठली? पात्रं आहेत, तारखा आहेत, आणि संवादांच्या जागी शेरे आहेत. मी हे मुलांना सांगतो तेव्हा ती नम्रपणे मान हलवतात आणि पुढच्या वर्षी दोर घेऊन येतात.

आणि खरी ग्रामसभा पाहिलीत तर नाटकवाल्यांनी शिकवणी लावावी. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते. झेंडावंदनानंतर शाळेची पोरं बसवून ठेवायची म्हणजे फोटोत गर्दी दिसते. माणसं भरली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही! प्रोसिडिंगचं रजिस्टर मग सहीसाठी घरोघर फिरतं. न झालेल्या चर्चेवर सूचक असतो, अनुमोदक असतो, ‘सर्वानुमते’ असतं. सरपंचबाई खुर्चीवर, डोक्यावर पदर, आणि बोलतात त्यांचे मालक. एकेकाळी तमाशात पुरुष बाईचं सोंग घ्यायचे, लुगडं नेसून, निदान कष्टाने. इथे पुरुष बाईचं पद वठवतो, मिशीसकट, आणि कुणी हसतही नाही. परवा मात्र एका गावात महिला सभेत एका सरपंचबाईने नवऱ्याला सगळ्यांसमोर ‘तुमी भाईर थांबा’ म्हटलं, तेव्हा बायांनी अशा टाळ्या वाजवल्या की विचारू नका. ही बाई बचत गटाच्या हळदीकुंकवाला दारूबंदीच्या नाटिकेत काम करायची, असं नंतर कुणीतरी सांगितलं. तिथलं बोलणं इथे आलं का, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, ‘न्हाई ओ, मी पहिल्यापास्नंच भांडकुदळ.’

एवढं सगळं मनात घोळल्यावर मी कलापथकाच्या त्या म्होरक्याला फोन लावला. म्हटलं, मला एक सुचलंय. पथनाट्याच्या मंजुरीतच अट घाला, खेळ संपला की खऱ्या ग्रामसेवकाने स्टुलावरून उतरून तिथेच अर्धा तास उभं राहायचं. ज्याला जे विचारायचं ते विचारू द्या. तुमचा हलगीवाला वेळ लावेल. तो पलीकडे इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. ‘सर, मग परमानपत्रावर शिक्का कोन मारील? बिल काय यमाकडून काढू?’ मग हसणं आवरून म्हणाला, ‘पर आमी एक चालू केलंय. नाटकाच्या आदी गर्दी जमवायला बतावनी करतो ना आमी दोघं, ती स्क्रिप्टात नसती. तिचा कुनी फोटो बी काढीत नाही. गावात गेलो की आदी टपरीवर बसायचं, काय अडलंय ते काडून घ्यायचं, आन ते बतावनीत घालायचं. मी सासरा, त्यो जावई. जावई म्हनतो, मामा, मपलं नाव काहून नाही यादीत?’

‘आणि सासरा काय उत्तर देतो?’

‘सासरा बहिरा हाय ना. तीनदा इचारतो, काय म्हनला? जावई तीनदा सांगतो. चौथ्यांदा समदं गावच सांगतं.’

‘मग ग्रामसेवक काय करतो?’

‘त्यो तवर बॅनर बांधू लागतो.’